निद्रारोगाचा परजीवी व ऑर्निथीन डीकार्बॉक्सिलेज

ऑर्निथीन डीकार्बॉक्सिलेज हे सजीवांच्या कोशिकांत आढळणारे एक एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडून येण्यास मदत करणारे प्रथिन) आहे. आफ्रिकी निद्रारोगास कारणीभूत असलेला ट्रिपॅनोसोमा हा एककोशिक परजीवी (दुसऱ्या सजीवाच्या शरीरात राहून त्याच्यावर उपजीविका करणारा जीव) या एंझाइमाशिवाय सस्तन प्राण्याच्या रक्तात टिकू शकत नाही व वाढूही शकत नाही. हेच एंझाइम मानवी कोशिकांतही असते व दोन्हींकडे ते एकच विक्रिया घडवून आणते. तरीही त्याचा रोध करणारे औषध परजीवीला मारक आणि रोग्याला पुष्कळ अंशी निरुपद्रवी ठरले. या विसंगतीचा उलगडा, तिच्या आधारे मिळालेले औषध आणि ते औषध रोग्यांपर्यंत पोहोचण्यात आलेले अडथळे यांचा इतिहास विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव शतकात घडला. रोगजंतूचे वर्म सापडणे आणि रोग्याला औषध मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.

रोग व परजीवी : निद्रारोगाचा प्रसार सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आढळणाऱ्या त्सेत्से माशीच्या दंशाने होतो. ट्रिपॅनोसोमा ब्रूसी या जातीच्या दोन उपजाती मानवात हा रोग उत्पन्न करतात. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील गँबिएन्स ही उपजाती दीर्घकाल चालणारा, तर पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील रोडेसिएन्स ही उपजाती तीव्र व जलद वाढणारा रोग निर्माण करते. पहिल्या अवस्थेत परजीवी रक्तात व लसीका ग्रंथींत असतो; अधूनमधून ताप येतो व मानेवरील ग्रंथी सुजतात. दुसऱ्या अवस्थेत तो तंत्रिका तंत्रात (मज्जासंस्थेत) शिरतो. मग दिवसा झोप व रात्री जागरण, भ्रम, वर्तनातील बदल, शक्तिपात व शेवटी बेशुद्धी अशी लक्षणे क्रमाने उद्‌भवतात. उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतो.

जनावरांना होणाऱ्या नगाना या रोगाच्या रक्तात डेव्हिड ब्रूस यांना १८९५ च्या सुमारास झूलूलँडमध्ये ट्रिपॅनोसोमा आढळला. १९०२ मध्ये जोसेफ एव्हरेट डटन यांनी गँबियातील एका रोग्याच्या रक्तातील परजीवीचे वर्णन केले. त्यानंतर युगांडात आल्दो कास्तेल्लानी यांना निद्रारोग्यांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात (मेंदू व मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात) तोच जीव सापडला आणि १९०३ मध्ये ब्रूस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्सेत्से माशी ही त्याची वाहक असल्याचे दाखविले. त्या सुमारास व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर काठावर आलेल्या साथीत दोन लाखांहून अधिक माणसे मरण पावली.

पूर्वीचे उपचार : रोग मेंदूपर्यंत पोहोचल्यावर उपयोगी पडणारी औषधे दीर्घकाल केवळ आर्सेनिकाची संयुगे हीच होती. १९०५ मध्ये ॲटॉक्सिल या संयुगाचा ट्रिपॅनोसोमावरील परिणाम दिसून आला. रॉबर्ट कॉख यांनी १९०६–०७ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरातील सेसे बेटांवर त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. पण त्याने काही रोग्यांच्या दृक्‌तंत्रिकेस (डोळ्याच्या मज्जातंतूस) इजा होऊन त्यांना अंधत्व आले. १९२० नंतर सुरामीन आणि १९४० च्या सुमारास पेंटामिडीन ही औषधे उपलब्ध झाली. मात्र ती मेंदूत पुरेशी शिरत नसल्याने पहिल्या अवस्थेतच उपयुक्त ठरली. दुसऱ्या अवस्थेसाठी १९४९ मध्ये एर्न्स्ट फ्रिडहाइम यांनी मेलार्सोप्रॉल हे आर्सेनिकी औषध पुढे आणले व सु. अर्धशतक तेच मुख्य आधार होते. त्याचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) अतिशय दाहक असे आणि ५ ते १० टक्के रोग्यांत मेंदूला तीव्र अपाय होई. असा अपाय झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे रोगी मरत. म्हणजे मरणाच्या दारातून परत आणण्यासाठी दिलेले औषध दर वीस रोग्यांपैकी एकाचा प्राण घेई आणि वैद्याला हे माहीत असूनही दुसरा मार्ग नव्हता. ट्रिपॅनोसोमाच्या चयापचयात (शरीरात सतत घडणाऱ्या रासायनिक घडामोडींत) मानवाहून वेगळे असे काही शोधण्याची निकड यातून उत्पन्न झाली.

एंझाइमाचे कार्य : ऑर्निथीन हे एक ॲमिनो अम्ल आहे. ऑर्निथीन डीकार्बॉक्सिलेजामुळे त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व प्युट्रेसीन तयार होते. या कामी एंझाइमाला ब₆ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या पिरिडॉक्सल फॉस्फेटाचे साहाय्य लागते. प्युट्रेसिनापासून पुढे स्पर्मिडीन व सस्तन प्राण्यांत त्यापासून स्पर्मीन बनते. या तिन्हींना पॉलिअमाइने (रेणूत एकाहून अधिक अमाइन गट असलेली संयुगे) म्हणतात. त्यांपैकी स्पर्मिनाचे स्फटिक आंतोन व्हान लेव्हेनहूक यांनी १६७८ मध्येच वीर्यात पाहिले होते. पॉलिअमाइनांचे रेणू धनविद्युत् भारित असल्याने ते न्यूक्लिइक अम्लांशी सहज बद्ध होतात. कोशिकांच्या वाढीसाठी व विभाजनासाठी ते आवश्यक असतात. १९६८ मध्ये डायान रसेल व सॉलोमन स्नायडर यांनी उंदराचे यकृत अंशतः काढल्यावर पुन्हा वाढू लागते तेव्हा या एंझाइमाची क्रियाशीलता झपाट्याने वाढते, असे दाखविले. पुढच्याच वर्षी त्यांना त्याचे अर्धायुष्य (निम्मे एंझाइम नाहीसे होण्यास लागणारा काळ) केवळ सु. ११ मिनिटे असल्याचे आढळले. ही नोंद त्या वेळी यकृताच्या अभ्यासापुरती होती. निद्रारोगाशी तिचा संबंध पुढे सु. वीस वर्षांनी जुळला.

ट्रिपॅनोसोमात स्पर्मिडिनाला आणखी एक काम असते. १९८५ मध्ये ॲलन फेअरलँब, अँथनी सेरामी व त्यांचे सहकारी यांनी ट्रिपॅनोसोमाच्या एका नातलग परजीवीतून ट्रिपॅनोथायोन हे संयुग वेगळे केले. ग्लुटाथायोनाचे दोन रेणू स्पर्मिडिनाच्या एका रेणूने जोडले जाऊन ते बनते. मानवी कोशिका ऑक्सिडीकारक द्रव्यांपासून स्वतःचे रक्षण मुख्यत्वे ग्लुटाथायोनाच्या मदतीने करतात. ट्रिपॅनोसोमात ते कार्य ट्रिपॅनोथायोन करते. त्यामुळे ऑर्निथीन डीकार्बॉक्सिलेज बंद पडले की, परजीवीची वाढ आणि त्याची संरक्षक व्यवस्था या दोहोंवर आघात होतो. [⟶ एंझाइमे].

रोधक संयुगाचा शोध : स्ट्रॅस्बर्ग येथील मेरेल कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७८ च्या सुमारास डायफ्ल्युओरोमिथिल ऑर्निथीन हे संयुग तयार करण्यात आले. त्यालाच पुढे एफ्लॉर्निथीन हे नाव मिळाले. ऑर्निथिनाशी साम्य असल्यामुळे एंझाइम त्याला आपले नेहमीचे द्रव्य समजून स्वीकारते व त्यावर विक्रिया सुरू करते. तिच्यातून निर्माण झालेला क्रियाशील रेणू एंझाइमालाच कायमचा चिकटतो. एंझाइम अशा प्रकारे स्वतःच्याच क्रियेने निकामी होत असल्याने अशा संयुगांना आत्मघाती रोधक म्हणतात. कर्करोगाच्या कोशिका वेगाने विभागतात, तेव्हा त्यांची वाढ या संयुगाने थांबेल, अशी मूळ अपेक्षा होती. ती त्या काळी सफल झाली नाही.

न्यूयॉर्क येथील सायरस बाकी, हेन्री नेथन व सीमोर हटनर हे संशोधक त्या वेळी ट्रिपॅनोसोमातील पॉलिअमाइनांचा अभ्यास करीत होते. मेरेल कंपनीतील पीटर मॅकॅन व ॲल्बर्ट शर्ड्‌स्मा यांच्या सहकार्याने त्यांनी हे संयुग ट्रिपॅनोसोमा ब्रूसीने संसर्गित केलेल्या उंदरांना पिण्याच्या पाण्यातून दिले. उंदीर बरे झाले. उंदरांना पॉलिअमाइने दिल्यास औषधाचा गुण नाहीसा होई. यावरून औषधाचा आघात नेमका याच मार्गावर होतो हे सिद्ध झाले. हे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले.

दोन एंझाइमांतील फरक : उंदराच्या कोशिकांतही तेच एंझाइम असताना फक्त परजीवी का मरतो, हा प्रश्न यानंतर उभा राहिला. औषध दोन्ही एंझाइमांना निकामी करते आणि दोहोंच्या क्रियाशील भागांची रचना पुष्कळशी सारखी आहे. १९८७ मध्ये मार्गारेट फिलिप्स, फिलिप कॉफिनो व चिंग वांग यांनी ट्रिपॅनोसोमातील एंझाइमाच्या जनुकाचा क्रम निश्चित केला. उंदराच्या एंझाइमाशी ते सु. ६० टक्के जुळणारे निघाले. पण उंदराच्या एंझाइमाच्या शेवटी असलेला ३६ ॲमिनो अम्लांचा तुकडा परजीवीच्या एंझाइमात नव्हता. हा तुकडा म्हणजे एंझाइमाचा लवकर नाश करण्याची कोशिकेला मिळणारी खूण होय. तो कापून टाकल्यास उंदराचे एंझाइमही टिकाऊ होते, असे १९८९ मध्ये दिसून आले. परजीवीच्या एंझाइमाला हा तुकडा जोडला असता ते सस्तन कोशिकेत अल्पायुषी होते, असेही १९९० मध्ये प्रयोगाने दाखविण्यात आले.

यावरून असा अर्थ लागला : मानवी कोशिका हे एंझाइम सतत मोडते व सतत नवे बनविते. औषधाने निकामी झालेले रेणू थोड्याच वेळात नष्ट होतात आणि त्यांची जागा नवे रेणू घेतात. परजीवी मात्र आपले एंझाइम तासन्‌तास जपून ठेवतो व नवे सावकाश बनवितो. त्यामुळे एकदा निकामी झालेल्या एंझाइमाची भरपाई त्याला करता येत नाही. सामान्यतः काटकसर समजला जावा असा हा गुणच परजीवीच्या नाशास कारण होतो. रक्तात पॉलिअमाइनांचे प्रमाण अल्प असते व ट्रिपॅनोसोमा ती बाहेरून फारशी घेऊ शकत नाही, हेही येथे महत्त्वाचे आहे. रोडेसिएन्स उपजातीत या एंझाइमाची उलाढाल गँबिएन्सपेक्षा जलद असल्याचे १९९७ मध्ये आढळले. त्या उपजातीवर एफ्लॉर्निथीन फारसे लागू पडत नाही, या अनुभवाशी ही गोष्ट सुसंगत आहे.

परजीवीचा नाश : एफ्लॉर्निथीन परजीवीला थेट मारत नाही, तर त्याचे विभाजन थांबविते. ट्रिपॅनोसोमाच्या पृष्ठभागावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचे दाट आवरण असते. रोग्याच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली की, परजीवींपैकी काही जण वेगळ्या प्रथिनाचे आवरण धारण करून निसटतात व संख्येने वाढतात. रक्तातील परजीवींची संख्या लाटेप्रमाणे चढत-उतरत राहते, ती यामुळेच. विभाजन थांबलेल्या परजीवीला ही सुटका साधत नाही व प्रतिपिंडे त्याचा फडशा पाडतात. ज्या प्राण्यांची प्रतिरक्षा (रोगप्रतिकारक यंत्रणा) दडपलेली होती ते औषध देऊनही बरे होत नाहीत, असे १९८३ मध्ये प्रयोगांत दिसले. सारांश, हे एंझाइम केवळ परजीवीच्या वाढीचे साधन नसून पोषकाच्या (आश्रय देणाऱ्या प्राण्याच्या) प्रतिकारापासून निसटून संसर्ग टिकवून धरण्याच्या त्याच्या सामर्थ्याचाही तो आधार आहे.

रोग्यांवरील वापर : सायमन व्हान न्यूवेनहोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूदानच्या दक्षिण भागातील (२०११ पासून दक्षिण सूदान) गँबिएन्स निद्रारोग्यांना हे औषध दिले. त्याचे वृत्त १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. आर्सेनिकाने गुण न आलेले रोगीही त्याने सुधारले. बेशुद्धावस्थेतील रोगी उठून बसू लागल्याने त्याला ‘पुनरुत्थान औषध’ असे नाव पडले. नोव्हेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली.

औषधाची देण्याची रीत मात्र कष्टाची होती. ते शरीरातून लवकर बाहेर पडत असल्याने दर सहा तासांनी नीलेतून सावकाश द्यावे लागे. चौदा दिवसांत अशी ५६ अंतःक्षेपणे होत. जेथे वीज व शुद्ध पाणी यांचीही खात्री नाही अशा खेड्यांतील दवाखान्यांना रात्रंदिवस परिचारिका, नळ्या व निर्जंतुक द्रव पुरविणे अवघड होते. शिवाय औषध महाग होते आणि ज्यांना ते हवे होते त्यांच्याजवळ पैसा नव्हता.

उत्पादनातील खंड : कर्करोगावर उपयोग न झाल्याने व निद्रारोग्यांकडून नफा मिळण्याचा संभव नसल्याने १९९०–२००० या दशकाच्या मध्यास एफ्लॉर्निथिनाचे उत्पादन थांबले. नेमक्या याच काळात यादवी युद्धांमुळे काँगो, अँगोला व सूदान या देशांतील रोगनियंत्रणाची व्यवस्था मोडकळीस आली होती. १९९८ मध्ये जवळजवळ ४०,००० रोग्यांची नोंद झाली. निदान न झालेले रोगी सु. तीन लाख असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. काही भागांत मेलार्सोप्रॉलाचा गुण येईनासा झाला होता. औषध ज्ञात असूनही ते उपलब्ध नाही, अशी स्थिती निर्माण झाली.

त्याच सुमारास या संयुगाचा वेगळाच उपयोग पुढे आला. केसांच्या मुळांतील कोशिकांनाही हे एंझाइम लागत असल्याने त्याचा रोध केल्यास केसांची वाढ मंदावते. स्त्रियांच्या चेहऱ्यावरील नको असलेल्या केसांसाठी एफ्लॉर्निथिनाच्या मलमास जुलै २००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सौंदर्यप्रसाधनासाठी जे द्रव्य बनू शकते ते प्राण वाचविण्यासाठी का बनू नये, हा प्रश्न मेदसां सां फ्रोंतिएर या वैद्यकीय सेवासंस्थेने व इतरांनी जाहीरपणे उपस्थित केला. मे २००१ मध्ये अव्हेंतिस ही कंपनी व जागतिक आरोग्य संघटना यांच्यात करार होऊन एफ्लॉर्निथीन, मेलार्सोप्रॉल व पेंटामिडीन ही औषधे विनामूल्य पुरविण्याची व्यवस्था झाली. हे दान नंतर वेळोवेळी वाढविण्यात आले.

संयुक्त उपचार व औषधरोध : एफ्लॉर्निथिनाचा भार कमी करण्यासाठी त्याच्या जोडीला निफुर्टिमॉक्स हे तोंडाने घ्यावयाचे औषध देण्याची पद्धत काँगोच्या दोन्ही प्रजासत्ताकांत अजमावण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संयुक्त उपचाराने ९६.५ टक्के, तर केवळ एफ्लॉर्निथिनाने ९१.६ टक्के रोगी बरे झाले. अंतःक्षेपणांची संख्या ५६ वरून १४ वर आली. त्याच वर्षी हा उपचार जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट झाला. निफुर्टिमॉक्स स्वतः निष्क्रिय असते व परजीवीतील नायट्रोरिडक्टेज हे एंझाइम त्याचे विषात रूपांतर करते. अशा रीतीने या उपचारात परजीवीचे एक एंझाइम बंद पाडले जाते, तर दुसऱ्याला त्याच्याच विनाशाच्या कामी लावले जाते.

एफ्लॉर्निथिनास न जुमानणारे ट्रिपॅनोसोमा प्रयोगशाळेत सहज निर्माण होतात. २०१० च्या सुमारास केलेल्या अभ्यासांत त्यांचे एंझाइम बदललेले नसून, औषधाला कोशिकेत आणणारे ॲमिनो अम्लवाहक प्रथिनच नाहीसे झाल्याचे आढळले. संयुक्त उपचारामुळे असा रोध पसरण्याचा धोका कमी होतो.

काळा आजार व भारत : ट्रिपॅनोसोमाचा नातलग असलेला लीशमॅनिया डोनोव्हनी हा परजीवी भारतातील काळ्या आजारास कारणीभूत आहे. विल्यम लीशमन आणि मद्रास येथील चार्ल्स डोनोव्हन यांनी १९०३ मध्ये त्याचे वर्णन स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. तो रक्तद्रवात न राहता महाभक्षी कोशिकांच्या (जंतू गिळून नष्ट करणाऱ्या कोशिकांच्या) आत राहतो. तेथे त्याला पोषकाची पॉलिअमाइने आयती मिळत असावीत, असे वाटणे साहजिक होते. ऑर्निथीन डीकार्बॉक्सिलेजाचे जनुक काढून टाकलेले लीशमॅनिया पोषणद्रवात पॉलिअमाइने घातल्यास वाढतात. परंतु उंदरांत सोडले असता यकृत व प्लीहा यांत त्यांची संख्या मूळ परजीवीच्या तुलनेत अत्यल्प राहते, असे २००९ मध्ये दाखविण्यात आले. म्हणजे कोशिकेच्या आत राहूनही परजीवीला हे एंझाइम स्वतःचेच असावे लागते. काळ्या आजारावर एफ्लॉर्निथीन प्रत्यक्ष वापरात आलेले नाही. [⟶ काळा आजार].

भारतात त्सेत्से माशी नाही व आफ्रिकी निद्रारोगही नाही. मात्र घोडे, उंट व गुरे यांना होणाऱ्या सरा या रोगाचा ट्रिपॅनोसोमा १८८० मध्ये ग्रिफिथ एव्हान्स यांना तत्कालीन पंजाबातील डेरा इस्माइलखान येथे आढळला होता. रोगकारक ट्रिपॅनोसोमाचा तो पहिलाच शोध होय. ट्रिपॅनोसोमा एव्हान्सी ही जाती मानवास सहसा बाधत नाही, कारण मानवी रक्तातील एक प्रथिन तिचा नाश करते. २००४ मध्ये महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याच्या रक्तात ती सापडली. त्याच्यात ते प्रथिन जन्मतः नसल्याचे पुढे निष्पन्न झाले. सुरामिनाने तो बरा झाला. परजीवीची संसर्गक्षमता त्याच्या एंझाइमांइतकीच पोषकाच्या रक्तावरही अवलंबून असते, याचे हे उदाहरण आहे.

नंतरची प्रगती : निद्रारोगाच्या नोंदलेल्या रोग्यांची संख्या २००९ मध्ये पन्नास वर्षांत प्रथमच १०,००० च्या खाली आणि २०१८ मध्ये १,००० च्या खाली गेली. फिरत्या पथकांकडून होणारी तपासणी, माशीचे नियंत्रण व सुरक्षित औषधे यांचा त्यात वाटा आहे. २०१८ मध्ये युरोपीय औषध संस्थेने फेक्सिनिडॅझोल या तोंडाने घ्यावयाच्या औषधास अनुकूल मत दिले. त्यानंतर अनेक गँबिएन्स रोग्यांना अंतःक्षेपणाची गरज उरलेली नाही. तथापि तंत्रिका तंत्रातील गंभीर संसर्गासाठी एफ्लॉर्निथीन व निफुर्टिमॉक्स यांचा संयुक्त उपचार राखून ठेवण्यात आला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये एफ्लॉर्निथिनाला लहान मुलांतील तंत्रिका-अर्बुदाच्या एका गंभीर प्रकारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या कर्करोगासाठी ते प्रथम बनविले गेले होते त्या क्षेत्रात ते अशा रीतीने पंचेचाळीस वर्षांनी परतले.

एंझाइमाच्या टोकाशी ३६ ॲमिनो अम्ले असणे वा नसणे एवढ्या फरकावर हजारो रोग्यांचे प्राण वाचू शकले. परंतु हा फरक कळल्यानंतरच्याच दशकात औषधाचे उत्पादन थांबले आणि रोगी पुन्हा आर्सेनिकाकडे वळले. परजीवीच्या रसायनशास्त्राइतकाच औषधाच्या उत्पादनाचा व वाटपाचा प्रश्नही रोगनिवारणाचा भाग आहे, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.